गाणे एकच, पण त्याचे मालक किती? नॉर्वेच्या ऑरोराची गोष्ट आणि गीतहक्कांचा हिशेब

2021 च्या सुरुवातीला जगभरातल्या मोबाइलवर, काही सेकंदांच्या चित्रफितींमागे, एका मुलीचा कोवळा आणि दूरवरून आल्यासारखा आवाज ऐकू येऊ लागला. गाण्याचे नाव होते ‘रनअवे’ आणि गायिकेचे ऑरोरा. पुष्कळांनी ते नवे गाणे समजून शोधले, तेव्हा ते 2015 मध्येच प्रसिद्ध झाल्याचे त्यांना कळले. त्याचा उगम तर आणखी मागचा आहे, कारण ऑरोराने ते लिहिले तेव्हा ती अकरा-बारा वर्षांची होती. टिकटॉकवर भारतात जून 2020 मध्येच बंदी आल्यामुळे आपल्याकडे ही लाट इन्स्टाग्रामच्या रील्समधून आली. मार्च 2025 मध्ये मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर लोलापलूझा महोत्सवात ती स्वतः गाऊन गेली, तोवर तिचे नाव इथल्या तरुण श्रोत्यांना परके राहिले नव्हते.

जुने गाणे अचानक कोट्यवधी लोक ऐकू लागले की एक साधा प्रश्न पडतो, तो म्हणजे या ऐकण्याचे पैसे नेमके कुणाला मिळतात? उत्तर वाटते तितके सरळ नाही. मात्र ऑरोराची कारकीर्द अशी आहे की तिच्यातली चार-पाच गाणी शेजारी शेजारी ठेवली तर कायद्याचे पुस्तक न उघडताही हे उत्तर समजते, आणि म्हणूनच हा विषय समजावण्यासाठी मी तिची निवड केली आहे.

तीन नावांची सवय

आकाशवाणीवर मराठी गाणे लागण्याआधी निवेदक तीन नावे सांगत असत: गीतकार अमुक, संगीतकार तमुक आणि गायक अथवा गायिका कोण ते. कॅसेटच्या आतल्या घडीच्या कागदावरही बारीक अक्षरांत हीच तीन नावे असत आणि आमच्या पिढीने ती गाण्याइतकीच पाठ केली. शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची, गळा तिसऱ्याचा ही विभागणी आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की पाश्चात्त्य पॉप संगीतातला ‘सिंगर-साँगरायटर’ हा शब्द ऐकला की आपण त्याचे भाषांतर ‘गायक’ एवढेच करून मोकळे होतो.

वास्तविक आपल्याकडेही ही जात अनोळखी नाही. स्वतःच्या कवनाला स्वतः चाल लावून, स्वतःच डफावर थाप मारून ते फडात म्हणणारा शाहीर म्हणजे दुसरा कोण? ऑरोरा त्या अर्थाने शाहिराच्या जातीची आहे. शब्द आणि चाल तिची असते, अनेकदा कुणा सहकाऱ्याबरोबर मिळून केलेली, आणि गाते तीच. हिशेबाच्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच की आपल्याकडे तीन माणसांत वाटला जाणारा हक्क तिच्या बाबतीत बहुतांशी एकाच व्यक्तीत गोळा होतो. आता ही व्यक्ती कोण, ते आधी पाहू.

ओसमधले घर

ऑरोरा आक्स्नेसचा जन्म 15 जून 1996 रोजी नॉर्वेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील स्टावांगर शहरात झाला. तीन बहिणींतली ती धाकटी. ती लहान असतानाच कुटुंब बर्गनच्या दक्षिणेला, फ्योर्डच्या काठी असलेल्या ओस या भागात राहायला गेले. (फ्योर्ड म्हणजे डोंगरांच्या मधून आत शिरलेला समुद्राचा चिंचोळा फाटा.) बर्गनचा पाऊस युरोपात प्रसिद्ध आहे, वर्षातले दोनशेहून अधिक दिवस तिथे पाऊस पडतो, म्हणजे कोकणातल्या माणसालाही तिथे छत्री वाळवायला फारशी उसंत मिळणार नाही.

सहा वर्षांची असताना तिला घराच्या माळ्यावर एक जुना इलेक्ट्रिक पियानो सापडला. कुणी शिकवायला नव्हते, म्हणून ऐकलेल्या चाली ती बोटांनी शोधत बसे, आणि नऊ-दहा वर्षांची झाल्यावर ती स्वतःची गाणी लिहू लागली, तीही इंग्रजीत. ही गाणी लोकांसमोर न्यावीत असे तिला मुळीच वाटत नव्हते. शाळेच्या एका कार्यक्रमात ती स्वतःचे गाणे म्हणाली, मग तिचे एक ध्वनिमुद्रण इंटरनेटवर गेले आणि ते ऐकून नॉर्वेतल्या एका व्यवस्थापन कंपनीने तिला भेटायला बोलावले. तिची पहिली प्रतिक्रिया नकाराची होती. तुझ्या गाण्यांची कुणाला तरी गरज असू शकेल, असे आईने समजावल्यावर तिचे मन वळले, हे तिने पुढे अनेक मुलाखतींत सांगितले आहे.

त्यानंतर ब्रिटनमधल्या डेका आणि अमेरिकेतल्या ग्लासनोट या कंपन्यांमार्फत तिची गाणी प्रसिद्ध होऊ लागली. 2015 मध्ये चार गाण्यांचा छोटा संच आला आणि मार्च 2016 मध्ये पहिला पूर्ण अल्बम. त्याच्या निर्मितीत मॅग्नुस शिल्स्टाड आणि ओड मार्टिन स्कोल्नेस हे सहकारी होते. पुढे 2018, 2019, 2022 आणि 2024 असे आणखी चार अल्बम झाले, त्यांपैकी 2022 च्या अल्बमचे बरेचसे काम रोसेंदाल या गावातल्या सतराव्या शतकातील एका गढीवजा वाड्यात झाले. चरित्र इतके पुरेसे आहे, कारण खरी गंमत यापुढे आहे.

संहिता आणि प्रयोग

‘गाणे’ या एका शब्दाखाली कायद्याला दोन वेगळ्या वस्तू दिसतात. पहिली वस्तू म्हणजे रचना, अर्थात शब्द आणि चाल. ती कागदावर असू शकते, कुणाच्या डोक्यात असू शकते, आणि कुणीही गायले तरी ती तीच राहते. दुसरी वस्तू म्हणजे ध्वनिमुद्रण, अर्थात एका ठरावीक दिवशी, ठरावीक स्टुडिओत, ठरावीक गळ्याने आणि वाद्यांनी टिपलेला तो आवाज. संगीत व्यवसायात त्याला ‘मास्टर’ म्हणतात. आपण ध्वनिमुद्रणच म्हणू.

मराठी माणसाला हा फरक नाटकावरून चटकन समजावा. नाटककार संहिता लिहितो, नाट्यसंस्था ती रंगमंचावर आणते. तिकीटविक्रीचा गल्ला संस्थेचा, पण प्रत्येक प्रयोगामागे नाटककाराला मानधन द्यावे लागते. उद्या दुसऱ्या संस्थेने तेच नाटक नव्या संचात केले तर जुन्या संस्थेला दमडी मिळत नाही, नाटककाराचे मानधन मात्र सुरू राहते. गाण्यात रचना ही संहिता आणि ध्वनिमुद्रण हा प्रयोग. फरक एवढाच की नाटकाचा प्रयोग पडदा पडला की संपतो आणि हा प्रयोग एकदा टिपला की वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा वाजत राहतो.

रचनेचे पैसे गोळा करण्यासाठी बहुतेक देशांत रचनाकारांची संस्था असते. नॉर्वेत 1928 पासून ‘टोनो’ हे काम करते, भारतात 1969 मध्ये स्थापन झालेली ‘आयपीआरएस’. रेडिओ, हॉटेल, जाहीर कार्यक्रम यांच्याकडून परवाना शुल्क घ्यायचे आणि सभासदांना वाटायचे, असे त्यांचे काम. या संस्थांचे परदेशांतील संस्थांशी करार असतात, त्यामुळे एखाद्या नॉर्वेजियन गाण्याचे मुंबईत जमा झालेले पैसे ओस्लोपर्यंत जाण्याची वाट तयार असते. ध्वनिमुद्रण प्रसारित झाल्यावर गायक, वादक आणि निर्माते यांना मिळणारा मोबदला नॉर्वेत ‘ग्रामो’ नावाची वेगळी संस्था सांभाळते.

चार गाणी, चार हिशेब

आता तिची गाणी या चौकटीत ठेवून पाहू.

नोव्हेंबर 2015 मध्ये ब्रिटनच्या जॉन लुईस या दुकानसाखळीने नाताळची जाहिरात काढली. या जाहिरातीची तिथे लोक वर्षभर वाट पाहतात, कारण तिच्यात दर वर्षी एखादे जुने गाणे नव्या गळ्यातून ऐकवले जाते. त्या वर्षी ऑरोराने ‘हाफ द वर्ल्ड अवे’ गायले आणि ते ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत 11 व्या क्रमांकापर्यंत गेले. परंतु हे गाणे ओएसिस या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या नोएल गॅलाघरने लिहिलेले आणि 1994 मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेले. म्हणजे प्रयोग ऑरोराचा, संहिता गॅलाघरची. हे ध्वनिमुद्रण जितक्या वेळा वाजते तितक्या वेळा रचनेचा वाटा त्याच्याकडे जातो, त्याने त्यात तोंडातून एक सूरही काढलेला नसताना. तिच्या वाट्याला गायिकेचा हिस्सा येतो. आणि ओळख, जी कोणत्याही हिशेबवहीत लिहिली जात नाही.

दुसरे उदाहरण 2019 च्या ‘फ्रोझन 2’ या डिस्नीच्या चित्रपटातले. त्यातल्या ‘इन्टू द अननोन’ या गाण्यात नायिका एल्सा गात असताना दुरून कुणीतरी तिला साद घालते. शब्द नाहीत, चारच सूर आहेत, वर चढून विरून जाणारे. तो आवाज ऑरोराचा. या सादेमागची प्रेरणा ‘कुलनिंग’ ही स्कँडिनेव्हियातली जुनी गायकी आहे: उन्हाळ्यात डोंगरावर गुरे राखणाऱ्या बायका संध्याकाळी त्यांना परत बोलावण्यासाठी उंच, तीक्ष्ण पट्टीत जी हाळी देत, ती. आपल्या गुराख्याची हाळी आणि ही हाळी यांत पट्टीचा फरक असेल, हेतूचा नाही. फेब्रुवारी 2020 मध्ये ऑस्करच्या मंचावर इडिना मेन्झेल, इतर भाषांत एल्साला आवाज देणाऱ्या नऊ गायिका आणि ऑरोरा यांनी मिळून हे गाणे सादर केले. तरीही रचना क्रिस्टन अँडरसन-लोपेझ आणि रॉबर्ट लोपेझ या दांपत्याची आहे. ते चार सूर ऐकताना जगाला ऑरोरा आठवते, पण रचनाकारांच्या नावांत ती नाही.

तिसरे उदाहरण नेमके उलट बाजूचे. 2019 मध्येच केमिकल ब्रदर्स या ब्रिटिश जोडीच्या ‘नो जिऑग्रफी’ या अल्बममध्ये ती तीन गाण्यांत आहे आणि त्यांच्या रचनेतही तिचा वाटा आहे. मुखपृष्ठावर नाव दुसऱ्याचे, पण संहितेत भागीदारी. पुढे त्या अल्बमला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. प्रसिद्धीच्या दृष्टीने हे काम डिस्नीच्या पासंगालाही पुरणारे नाही, पण रचनेच्या हिशेबात ते अधिक टिकाऊ ठरते.

चौथे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. ‘रनिंग विथ द वुल्व्ज’ हे तिचे 2015 चे स्वतःचे गाणे. आयर्लंडच्या कार्टून सलून या स्टुडिओने 2020 मध्ये लांडगे आणि माणसे यांच्यावरचा ‘वुल्फवॉकर्स’ हा चित्रपट केला, तेव्हा हे गाणे त्याच्यासाठी नव्याने ध्वनिमुद्रित झाले. म्हणजे संहिता तीच, प्रयोग दुसरा. आज हे गाणे दोन ध्वनिमुद्रणांच्या रूपात वाजते आणि दोन्हीकडून रचनेचा वाटा रचनाकारांकडेच येतो. अमेरिकेच्या टेलर स्विफ्टने 2021 पासून आपले जुने अल्बम पुन्हा गायला सुरुवात केली, तेव्हा अनेकांना तो हट्ट वाटला होता. तिच्या जुन्या ध्वनिमुद्रणांची मालकी दुसऱ्यांकडे गेली होती, पण रचना तिच्या स्वतःच्या होत्या, म्हणूनच तिला नवा प्रयोग लावता आला. तत्त्व तेच.

सहा वर्षांनी पुन्हा उगवलेले गाणे

आता ‘रनअवे’कडे परत येऊ. हे गाणे तिने कुणाला विकत घ्यायला लावले नाही. लोकांनी ते स्ट्रीमिंगवर, म्हणजे वर्गणी भरून किंवा जाहिराती सोसून थेट इंटरनेटवरून ऐकले. इथे एका ऐकण्याचा ठरलेला दर असतो असा सार्वत्रिक समज आहे, आणि तो चुकीचा आहे.

स्पॉटिफायसारख्या सेवेची पद्धत जुन्या सहकारी साखर कारखान्यासारखी आहे. कारखान्यात ऊस घालताना अंतिम भाव माहीत नसे. हंगाम संपल्यावर साखरेचे किती आले ते पाहून भाव निघे आणि ज्याचा जितका टन ऊस, त्याला त्या प्रमाणात पैसे मिळत. त्याचप्रमाणे सेवेचा महिन्याचा महसूल एका ढिगात गोळा होतो, त्यातला साधारण दोन तृतीयांश भाग हक्कधारकांसाठी बाजूला काढला जातो आणि एकूण ऐकण्यांत ज्या गाण्याचा जितका वाटा, तितके त्याला मिळतात. या वाट्यातही ध्वनिमुद्रणाकडे मोठा तुकडा जातो आणि रचनेकडे लहान. म्हणून निव्वळ गीतकार असलेली माणसे स्ट्रीमिंगविषयी कुरकुर करतात, आणि ती कुरकुर खोटी नाही.

अमेरिकेतल्या साध्या रेडिओवर मात्र चित्र पुरते उलटते. तिथे गाणे वाजले की रचनाकाराला पैसे मिळतात आणि गायकाला, ध्वनिमुद्रणाच्या मालकाला काहीही मिळत नाही. तिथला कायदाच तसा आहे. शब्द, चाल आणि गळा हे सगळे स्वतःचे असण्याचा फायदा इथे दिसतो: एका दारातून आले नाही तर दुसऱ्या दारातून येते.

मग ती कोट्यधीश झालीच असेल?

ही पहिली शंका बहुतेक वाचकांच्या मनात आली असेल. ती दूर करायला ऊसतोडीतलाच एक शब्द उपयोगी पडतो, तो म्हणजे उचल. नव्या गायकाशी करार करताना ध्वनिमुद्रण कंपनी त्याला आगाऊ रक्कम देते. स्टुडिओचा खर्च, चित्रफितीचा खर्च हेही बहुधा त्याच्या खात्यावर मांडले जातात. ही उचल गायकाच्या टक्केवारीतून फिटेपर्यंत ध्वनिमुद्रणाचा त्याचा वाटा कंपनीकडेच वळता होतो. पुष्कळ गायकांची उचल आयुष्यभर फिटत नाही. जुने गाणे अचानक उसळले तर ती एका हंगामात फिटूही शकते, आणि म्हणूनच व्यवसायातली माणसे नव्या गाण्याइतकेच जुन्या गाण्यांच्या साठ्याकडे लक्ष ठेवून असतात.

रचनेचा वाटा या उचलीपासून सर्वसाधारणपणे वेगळा राहतो. त्याला प्रकाशकाचा, म्हणजे रचनेचा व्यवहार पाहणाऱ्या कंपनीचा, वेगळा करार असतो आणि रचनाकारांच्या संस्थेकडून येणारे पैसे थेट लेखकाच्या खात्यावर जमा होतात. गायकाने कंपनीचे काही देणे ठेवले असले तरी गीतकार म्हणून त्याच्या घरात चूल पेटते, असे याचे व्यावहारिक रूप आहे.

जाहिरातीला आवाज दिला म्हणजे कला विकली का?

हा आक्षेप ब्रिटनमध्येही घेतला जातो आणि आपल्याकडेही. त्यात तथ्य अजिबात नाही असे मी म्हणणार नाही. दुकानाच्या नाताळी विक्रीसाठी गायलेले गाणे हे दुकानाच्या विक्रीसाठीच गायलेले असते. मात्र हिशेब समजून घेतला तर आक्षेपाची धार थोडी कमी होते. चित्रपटात किंवा जाहिरातीत गाणे वापरायचे तर निर्मात्याला रचनेच्या मालकाची आणि ध्वनिमुद्रणाच्या मालकाची अशा दोन्ही परवानग्या घ्याव्या लागतात. म्हणजे जो स्वतः लिहितो त्याच्या हातात नकाराचा अधिकार राहतो आणि जो केवळ गातो त्याच्या हातात तो राहीलच असे नाही. ऑरोराने त्या जाहिरातीनंतर जे लिहिले ते पाहता, तिने या अधिकाराचे मोल ओळखले असावे. समलिंगी व्यक्तींना ‘बरे’ करण्याच्या अघोरी उपचारांवरून सुचलेले ‘क्युअर फॉर मी’ 2021 मध्ये आले. त्याआधी 2019 मध्ये, शेवटचे झाड तोडल्यावर पैसा खाता येत नाही या जुन्या वचनावरचे ‘द सीड’. दुकानांच्या जाहिरातीत बसणारी ही गाणी नव्हेत.

नॉर्वे श्रीमंत म्हणून हे जमते का?

सुमारे 56 लाख लोकसंख्येचा, म्हणजे मुंबईहूनही कमी माणसांचा हा देश. तेलाचा पैसा तिथे आहे आणि त्याचा फायदा संगीताला होतो, हे मान्य करावे लागेल. मुलांसाठी संगीत आणि कलेच्या शाळेची सोय करणे तिथल्या प्रत्येक नगरपालिकेवर 1997 पासून कायद्याने बंधनकारक आहे. तथापि माझ्या मते मोठे कारण वेगळे आहे: घरची बाजारपेठ इतकी लहान की तिथला गीतकार सुरुवातीपासूनच बाहेरच्या श्रोत्यासाठी, बहुधा इंग्रजीत लिहितो. ट्रोम्सोच्या लेने मार्लिनने 1999 मध्ये, जेमतेम अठरा वर्षांची असताना, स्वतःच्या रचनांचा अल्बम काढून युरोप गाजवला होता. ट्रॉन्डहाइमच्या ‘स्टारगेट’ या जोडीने तर स्वतः न गाताच रिहाना आणि बियॉन्से यांच्यासाठी गाणी रचली. त्यांचे चेहरे रस्त्यावर कुणी ओळखणार नाही, पण रचनेच्या हिशेबात त्यांची नावे वरच्या ओळीत आहेत.

आपल्याकडे हा वाद कधी झाला?

झाला, आणि तोही घरातच. गायकांना ध्वनिमुद्रिकांच्या विक्रीतून हिस्सा मिळावा असा आग्रह लता मंगेशकर यांनी साठच्या दशकाच्या सुरुवातीला धरला. एकदा मानधन घेतल्यावर गायकाचा हक्क संपतो असे मोहम्मद रफी यांचे म्हणणे होते. त्यातून दोघांनी काही वर्षे एकत्र गाणेच बंद केले. आज मागे वळून पाहताना दोघे वेगवेगळ्या वस्तूंबद्दल बोलत होते असे वाटते: रफी मजुरीबद्दल, लता मंगेशकर मालकीबद्दल. चित्रपटगीतांचे शब्द आणि चाल यांचे हक्क तेव्हा निर्माता एकरकमी घेऊन टाकत असे. 2012 मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि चित्रपटगृहाबाहेरच्या वापरातील गीतकार-संगीतकारांचा समान वाटा करार करूनही त्यांच्याकडून काढून घेता येणार नाही, अशी तरतूद आली. गायकांच्या मोबदल्याच्या हक्कालाही याच दुरुस्तीने जागा दिली.

भारतात रचनेचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षे टिकतो, नॉर्वेत 70. ध्वनिमुद्रणाची मुदत मात्र माणसाच्या आयुष्यावरून मोजत नाहीत, प्रसिद्धीच्या वर्षापासून मोजतात, आणि नॉर्वेत तीही 70 वर्षांची आहे. आजच्या कायद्याने ‘रनअवे’चे 2015 चे ध्वनिमुद्रण 2085 च्या अखेरीस मोकळे होईल, त्या वेळी ऑरोरा 89 वर्षांची असेल. पुढल्या वर्षापासून तो कोवळा आवाज वापरायला ध्वनिमुद्रणाच्या मालकाची परवानगी लागणार नाही. शब्द आणि चाल यांच्यासाठी मात्र तेव्हाही, आणि त्यानंतरची कित्येक दशके, रचनेच्या मालकाचेच दार ठोठवावे लागेल.